वाड्याची दुखणीखुपणी : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमचा वाडा जुन्या नाशकात, तांबट लेनच्या बाजूच्या बोळात आहे. दोनचौकी, तळमजला धरून तीन मजले. आम्ही चार भावांची कुटुंबं आणि खाली दोन जुने भाडेकरू. माजघरातला एक खांब खचला आहे. त्या बाजूला वरच्या माडीची जमीन उतरली आहे, पोरांची गोटी आपोआप घरंगळत जाते. शेजारच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग आहे. एक कंत्राटदार म्हणतो, लाकूड काढून टाका, आरसीसीचे कॉलम मारू, गर्डर टाकू, सगळीकडे सिमेंटचा गिलावा करू, पुढची पन्नास वर्षं बघायला नको. त्यात धाकट्याला दुकान काढायचं आहे, त्यासाठी रस्त्याकडची एक भिंत पाडायची म्हणतो. पालिकेची नोटीसही आली आहे. काय करावं?
— एक वाचक, जुनं नाशिक

उत्तर : दादा, आधी दुकानाचं बोलू, कारण बाकीचं सगळं दुरुस्त होईल, पण ती भिंत पडली तर होणार नाही. धाकट्याला सांगा, भिंतीला हात लावायचा नाही.

तो म्हणेल, वाडा तर खांबांवर उभा आहे, भिंत नुसती मधे भरलेली आहे. निम्मं बरोबर आहे त्याचं. आपल्याकडच्या वाड्याचा हिशोब खणांत होतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि वाडा लहान की मोठा हे खणांवरून सांगायचं. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर कूस म्हणजे कोरून काढलेलं टोक, ती कूस हस्ताच्या म्हणजे माथ्यावरच्या लाकडी टेकणीच्या खाचेत, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे आडवी लहान लाकडं, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीची भर. वजन या वाटेने जमिनीत उतरतं. म्हणूनच ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अनेक घरांत असं दिसलं की दगडमातीच्या जाड भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या, पण आतला लाकडी सांगाडा जागेवर उभा राहिला.

पण तुमच्या वाड्यात कुठे तिरका वासा दिसतो का बघा. खांब उभे, तुळया आडव्या, तिरकं काही नाही. हस्त थोडाफार आधार देतात तेवढाच. अशा सांगाड्याला वरून वजन द्या, तो पेलतो. बाजूने ढकललं की खिळखिळ्या खाटेसारखा हलतो. त्याला हलू देत नाहीत त्या भिंती. वजन घेत नसल्या तरी त्या वाड्याला ताठ धरून ठेवतात. रस्त्याकडची एक काढलीत, की पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत वाडा एका बाजूला वाकायला लागेल. बाजारपेठेत शटर बसवलेले वाडे जाऊन बघा. शटरच्या डोक्यावरची माडी ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी आहे का, एवढंच तपासा.

आता खांब. खांब खचला असं तुम्ही म्हणता. मला पत्र वाचून शंका येते ती वेगळीच. माजघरात आत्ता स्टाइल फरशी असेल, तिच्याखाली शहाबादी, तिच्याखाली कोबा. दर पिढीने आधीचं न उखडता वर एक थर घातला. मूळ जमिनीपासून वीतभर वर असलेला तळखडा त्यात बुडाला आणि लाकडाचा पाय फरशीखाली गेला. आता रोज फरशी पुसली जाते, त्याचं पाणी खांबाभोवतीच्या फटीतून खाली मुरतं आणि तिथेच राहतं. सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण सतत ओल्या जागेत सागही कुजतो, आणि बाहेरचं पांढरं लाकूड तर वाळवी आधीच खाऊन टाकते. वरून तेलरंगाचे थर असल्यामुळे खांब दिसतो धडधाकट.

खात्री करायची तर खांबाभोवतीची एक-दोन फरशी उचला आणि साधा स्क्रूड्रायव्हर घ्या. खांबात टोचत टोचत वर या. जिथपर्यंत तो लोण्यात गेल्यासारखा आत जातो तिथपर्यंत लाकूड गेलं. जिथे टक्क करून थांबतो तिथून वर सगळं शाबूत. बहुतेक वेळा गेलेला भाग दीड-दोन फुटांचा निघतो, आणि तेवढ्यासाठी कंत्राटदार अख्खा खांब काढायला निघालेला असतो. हाच प्रयोग तुळईच्या टोकांवर करा, जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे. माझ्या मते खरी भीती तिथली आहे, कारण ते टोक कुणाला दिसत नाही.

आणि वर जा. त्या खांबाच्या डोक्यावर कुणी न्हाणीघर किंवा संडास काढला आहे का? पाण्याची टाकी ठेवली आहे का? हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. मूळ वाड्यात पाण्याची जागा खाली होती, मागच्या चौकात. भाऊ वेगळे झाले, प्रत्येकाला आपली मोरी हवी झाली. मी कुणाला दोष देत नाही, सुनांना दोन जिने उतरून आंघोळीला जायला लावण्याचे दिवस गेले. पण मोरी करायची तर खाली भिंत किंवा खांब कुठे आहे ते बघून करायची, आणि तिचा पाइप लाकडाला चिकटवून न्यायचा नाही.

दुरुस्ती अशी. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू द्यायचे, तेही प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक. नुसत्या तळमजल्यावर दिले तर उपयोग नाही. मग जॅकने तुळई उचलायची, पण एका दिवसात नाही. रोज सुताभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग. जी जमीन वीस-पंचवीस वर्षं हळूहळू उतरत गेली ती दुपारच्या जेवणाआधी वर घेतली तर वरचे सांधे उखडतील आणि गिलावा डोक्यात पडेल. पूर्ण पातळीत येण्याचा हट्टही नको. मग कुजका भाग कापून, जुन्या वाळलेल्या सागाचा तुकडा सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या दुपटीहून कमी नको, आणि त्यात आरपार बोल्ट. जुना साग वखारीत मिळतो. मिस्त्री 'नवीन आणतो, स्वस्त पडेल' म्हणाला तर नको म्हणा, ओलं लाकूड वाळताना आखडतं आणि सांधा ढिला पडतो. तळखडा पुन्हा मोकळा करा. खोलीभर फरशी काढणं जमत नसेल तर निदान खांबाभोवती हातभर खळगं ठेवा. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या.

सिमेंटचा गिलावा करू नका. तुमची भिंत पांढऱ्या मातीची किंवा मातीत रचलेल्या पातळ विटांची आहे. ती पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तोंड बांधलं की ओल बाहेर पडायला जागा शोधते, आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक तिला बरोबर सापडतं. चुना वापरा. घाणीवर मळलेला चुना, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे असं प्रत्येक मिस्त्रीचं आपापलं गणित असतं. त्यावर वाद घालत बसू नका, चुना नीट मुरला आहे ना तेवढं बघा.

नोटीस आली म्हणजे वाडा पाडण्याचा हुकूम आला असं नव्हे. पण ती कपाटात ठेवून पावसाळाही काढू नका. लाकूडकाम कळणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून अहवाल लेखी घ्या. तो इंजिनियर खांबाला हात न लावता खालूनच फोटो काढून गेला तर दुसरा बघा. तोवर उतरलेल्या माडीवरचं सामान हलवा आणि त्या खोलीत कुणी झोपू नका. भाडेकरूंना विश्वासात घ्या. दुरुस्ती मालकाने करायची असते हे कायद्यात आहेच, पण टेकू लावायला खोली त्यांचीच रिकामी करावी लागणार आहे.

प्रश्न : ताई, आमचं घर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या बाजूला, पंचवटीत उतारावर आहे. मोठ्या पुरात खालच्या सोप्यात पाणी येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर नदीतला, पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती बुडाल्याची बातमी येईपर्यंत आमच्या ओट्याच्या पायऱ्या गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर लाकडाचं काय करायचं असतं? दरवाजे तर आजही लागत नाहीत.
— एक गृहिणी, पंचवटी

उत्तर : वहिनी, पुराचं पाणी दोन दिवसांत जातं, गाळ राहतो. तो ओला आहे तोवर पाण्यानेच धुऊन काढायचा. खांबाच्या बुडाचा, उंबऱ्याखालचा, दिंडीच्या बिजागऱ्यांतला. वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. मग दारं-खिडक्या उघडी टाकून नुसता वारा. हीटर, हॅलोजन, शेगडी काही नको. लाकूड बाहेरून भराभर वाळलं आणि आत ओलं राहिलं की चिरतं. भिंतींचा खालचा हातभर गिलावा सुटत असेल तर तो पडू द्या, लगेच नवा चढवू नका. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंगसुद्धा नको.

दारं लागत नाहीत ही गंमत मला चांगली माहीत आहे. पुरानंतर फळी फुगली, दिवाळीला पाहुणे येणार म्हणून कुणीतरी रंध्याने कडा तासून घेतल्या. बरोबर ना? नंतर फळी वाळली, आखडली, आणि आता फट पडते, कडी जागेवर बसत नाही. आता कडेला सागाची पट्टी मारून घ्या, दार बदलू नका. पुढच्या वेळी फुगलेल्या दाराला चार-सहा महिने तसंच सोडा, ते आपलं आपण जागेवर येतं. तोवर कडीऐवजी साखळी.

प्रश्न : जावई इंग्लंडमध्ये आहेत. त्यांनी यॉर्क गावातल्या शॅम्बल्स नावाच्या गल्लीचे फोटो पाठवले. लाकडी सांगाड्याची पाचशे-सहाशे वर्षं जुनी घरं, वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेले की समोरासमोरच्यांना हातात हात देता येईल. बघताना आपल्या भद्रकालीतल्या बोळांची आठवण झाली. हे आणि आपले वाडे एकाच जातीचे का? आणि ती अजून उभी कशी?
— एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नाने दिवस चांगला गेला. मी ती गल्ली पाहिली आहे, आणि सुताराच्या घरात जन्मल्यामुळे सोबतचे लोक चॉकलेटच्या दुकानात असताना मी मान वर करून कड्यांची टोकं बघत होते.

ती गल्ली खाटकांची. काही दुकानांच्या दर्शनी भागावर मांस टांगायचे आकडे आणि खिडकीखालच्या रुंद फळ्या अजून आहेत. वरचा मजला पुढे येतो तो आपल्या सज्जासारखा खांबाला बाहेरून जोडलेला नसतो. जमिनीच्या कड्याच भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट काढतात आणि त्या टोकांवर वरच्या मजल्याची अख्खी भिंत उभी करतात. वरच्या भिंतीचं वजन कडीचं बाहेरचं टोक दाबतं, त्यामुळे खोलीच्या मधला भाग खाली झोळायचा तो कमी झोळतो. शिवाय रस्त्याची जागा न अडवता वर दोन फूट जास्त मिळतात आणि खालची भिंत पावसापासून वाचते. कोपऱ्यावरच्या घरात दोन्ही रस्त्यांकडे मजला काढायचा तर एक जाड तुळई आतून तिरकी कोपऱ्यापर्यंत आणतात आणि कड्या तिच्यावर दोन्हीकडे वळवतात. त्या एका तुळईवरून सुतार किती पाण्यात आहे ते कळतं. यॉर्कमध्येच गुडरॅमगेट रस्त्यावर १३१६ सालची अशी घरांची ओळ आहे, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर वीस वर्षांनी बांधलेली.

जात एकच आहे असं मी म्हणेन, घराणी वेगळी. त्यांचं लाकूड ओक. आपण साग वाळवून घ्या म्हणून डोकं खातो, ते ओक ओलाच वापरायचे, कारण वाळला की तो कापता कापत नाही. खुंटीची भोकं मुद्दाम जराशी चुकवून पाडायची, मग खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो. आपला सांगाडा जागेवर उभा राहत जायचा. त्यांचा आधी सुताराच्या आवारात आडवा मांडून जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरायचे, मग सगळं सोडवून गाडीतून जागेवर न्यायचे. ते आकडे आजही वाचता येतात. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्यांचे मोठे खांब उलटे उभे असतात, झाडाचा बुंधा वर. तुळई, वासा आणि वरची आडवी दांडी हे तिन्ही एकाच माथ्यावर बसवायचं असतं, तिथे लाकूड जाड लागतं, म्हणून. आपण तोच प्रश्न वेगळा हस्त बसवून सोडवला, आणि हस्तावर केळफूल, मोती, पोपट कोरायला जागा मिळाली. सौंदर्यात आपण पुढे. हे मी निःपक्षपातीपणे सांगते आहे असं समजू नका.

भिंती मात्र भावकीतल्या. त्यांच्या सांगाड्यातल्या चौकटीत हेझल नावाच्या झुडपाच्या काटक्या विणून त्यावर चिकणमाती, शेण आणि गवताचा लगदा. आपल्याकडे पेठ, सुरगाण्याच्या बाजूला कारवीचा कुड विणतात आणि शेणमातीने लिंपतात, तेच. फरक तिरक्या लाकडांचा. वर माजघरातल्या खांबाचं उत्तर वाचलंत का? आपल्याकडे जे काम भिंती करतात ते त्यांच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यातली वाकडी लाकडं करतात. त्यांच्या चौकटीतली भिंत काढून काच बसवली तरी घर हलत नाही.

आतली रचना मात्र अगदी निराळी. आपण मधला चौक आभाळाला उघडा ठेवला, उजेडासाठी आणि पावसाचं पाणी खेळवायला. त्यांनी मधे छतापर्यंत उघडं दालन ठेवलं, आणि त्याच्या मधोमध जमिनीवर शेकोटी. धूर वर छतातून वाट काढून जायचा. सोळाव्या शतकात धुराडी आली, तेव्हा मधे माडी टाकून घेतली. अशा घराच्या माळ्यावर चढलं की जुन्या दालनावरचे वासे काजळीने काळे असतात, त्यावरून ओळखायचं.

उभी कशी राहिली? बरीचशी राहिली ती चुकून, कारण मालकाकडे नवं बांधायला पैसे नव्हते. यॉर्कमधलाच बार्ली हॉल घ्या. साधारण १३६० चं घर, पंधराव्या शतकात त्यात स्नॉसेल नावाचा सोनार राहायचा, तो गावाचा मेयरही झाला. सराफ बाजारातल्या वाचकांना बरं वाटेल. पुढे त्या घराभोवती इतक्या भिंती आणि पोटमाळे चढले की आत काय आहे हेच लोक विसरले. १९८० च्या दशकात ते पाडायला निघाले तेव्हा आतून मध्ययुगीन सांगाडा निघाला. केंटमध्ये एका धरणाच्या पाण्याखाली जाणारं बेलीफ नावाचं घर १९६८ च्या सुमारास खुंट्या काढून सुटं केलं आणि ससेक्समधल्या संग्रहालयात पुन्हा उभं केलं. खिळ्यांनी ठोकलेलं असतं तर असं सोडवता आलं नसतं.

आणि जावयांना सांगा, फोटोत दिसतो तो पांढऱ्या भिंतीवरचा काळा कुळकुळीत रंग बव्हंशी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. त्याआधी ओक राखाडी होऊ द्यायचे किंवा भिंतीसकट चुना फिरवायचे. आपणही सागाला चॉकलेटी तेलरंग फासतोच की.

प्रश्न : आमच्या वाड्याचा कोरीव दर्शनी भाग आणि चार सुरूच्या आकाराचे खांब एक व्यापारी चांगल्या किमतीला मागतो. बदल्यात लोखंडी खांब लावून देतो म्हणतो. द्यावे का?
— एक वाचक, तिवंधा

उत्तर : नको. तो खांब म्हणतो, पण त्याच्यासोबत हस्त आणि तुळईही नेणार, कारण गिऱ्हाईक पूर्ण कमान मागतं. लोखंडी पाइप ठोकून तो गेला की पुढचा खण लटकतो. शिवाय शंभर वर्षांवरच्या कोरीव लाकडाला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू पडतो. देशाबाहेर ते नेता येत नाही आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो. त्याला परवाना दाखवायला सांगा. बहुधा पुन्हा येणार नाही.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणायचे, वाडा पेशवाईतला आहे. कागद नाहीत. लाकडावरून वय कळतं का?
— दोघी बहिणी, रविवार कारंजा

उत्तर : युरोपात ओकच्या वर्तुळांवरून झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं इथपर्यंत सांगतात. सागालाही वर्षाचं वर्तुळ असतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केला आहे. पण तुमच्यासाठी सोपा रस्ता आहे, घरातल्या वस्तू वाचा.

छपरावर मंगळुरी कौलं असतील तर ती १८६५ नंतरचीच, कारण बासेल मिशनचा मंगळुरातला पहिला कारखाना त्या साली सुरू झाला, आणि आपल्याकडे एवढा माल यायला रेल्वे लागली. पण छप्पर बदललेलं असू शकतं, म्हणून माळ्यावर जाऊन आधीच्या नळीच्या कौलांचे तुकडे कोपऱ्यात पडले आहेत का ते शोधा. गर्डरवर अक्षरं असतात. इंग्लंडच्या डॉर्मन लाँगचं नाव असेल तर ते १८७५ नंतरचं, टाटांचं असेल तर १९१२ नंतरचं, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघायला लागलं. कड्या तुळईला खिळ्याने जोडल्या आहेत की नुसत्या खाचेत बसवल्या आहेत ते बघा. खिळे चौकोनी, घडीव म्हणजे जुने आहेत, की गोल, कारखान्यातले म्हणजे नंतरचे? खांब सुरूच्या आकाराचे, बुडाशी फुगीर, माथ्याला केळफूल असतील तर आजोबांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं, पण ती घडण पेशवाई गेल्यावरही सुतारांच्या हातात राहिली होती. ताडून बघायला सराफ बाजारातला सरकारवाडा आहे, तो राज्य संरक्षित स्मारक आहे.

फोटो पाठवायचे तर खांबाचा माथा, खांबाचं बूड आणि गर्डरवरची अक्षरं असे तीन पाठवा. शेजारी फूटपट्टी धरा, आणि फ्लॅश बाजूने मारा, समोरून मारला की कोरीवकाम सपाट दिसतं.